साक्षांकन नमुना भरताना: ‘नाही’ लिहिण्याआधी

परवा एक मुलगा फॉर्म दाखवायला घरी आला. केंद्रीय दलात निवड झालेली, मेडिकल पार पडलेलं, घरी पेढे वाटून झालेले. बाराव्या रकान्यात अटक, खटला, दंड वगैरेचे जे दहा-अकरा प्रश्न असतात, त्या सगळ्यांपुढे त्याने वरून खाली एका दमात ‘नो’ लिहून आणलं होतं. शेवटचे दोन-तीन ‘नो’ तर नुसत्या फराट्या होत्या.

“ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुमच्या गल्लीत राडा झाला होता ना? तुझं नाव नव्हतं त्यात?”

“होतं की काका. पण ती चॅप्टर केस होती. ती थोडीच केस असते? आणि मामा म्हणाला, सुटलास ना, मग नाही लिही.”

माझी नोकरीची बरीच वर्षं आस्थापना शाखेत गेली. या मामाला मी ओळखतो. म्हणजे त्याच्या मामाला नाही, पण प्रत्येक फॉर्ममागे असा एक मामा असतोच. सरकारी नोकरीच्या सुरक्षा पडताळणीत मी जी पोरं अडकलेली पाहिली, त्यातली बरीचशी मूळ भानगडीपेक्षा या ‘नाही’मुळे अडकली. ज्यांच्या हातात हा फॉर्म पहिल्यांदाच पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

हा कागद नेमका काय आहे

इंग्रजीत त्याला अटेस्टेशन फॉर्म म्हणतात, मराठीत साक्षांकन नमुना. केंद्रीय दलं, रेल्वे, टपाल, आयकर, सरकारी बँका, राज्य शासनाची खाती, पोलीस भरती अशा सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच असतो. भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी निवड झाली, तर यापेक्षा लांबलचक सुरक्षा प्रश्नावली येते. पण गाभा तोच: तुम्ही कोण, कुठे राहिलात, घरात कोण आहे, आधी काय करत होतात, पोलीस-कोर्टाशी कधी संबंध आला का.

हा फॉर्म कार्यालयातून जिल्ह्याच्या पोलिसांकडे जातो आणि तिथून तुमच्या ठाण्याच्या गोपनीय शाखेत. मग ‘गोपनीयचे साहेब’ फोन करतात किंवा घरी येतात. पाच वर्षांत दोन-तीन जिल्ह्यांत राहिला असाल तर प्रत्येक जिल्ह्यातून वेगळा अहवाल येऊ शकतो. अनेक ठिकाणी हल्ली नियुक्ती आधी तात्पुरती देतात आणि पडताळणी मागून होते. त्यामुळे रुजू झालो म्हणजे सुटलो, असं समजू नका.

फॉर्मच्या सुरुवातीला बारीक अक्षरात इशारा छापलेला असतो. तो कुणी वाचत नाही. त्यात तीन गोष्टी असतात. खोटी माहिती दिली किंवा खरी माहिती दडवली तर अपात्र ठराल. फॉर्म दिल्यानंतर अटक, खटला, दंड असं काही झालं तर ते लगेच कळवायचं. न कळवणं म्हणजे माहिती दडवणंच. आणि दडवलेलं नोकरीत असताना केव्हाही उघडकीला आलं, तरी सेवा संपुष्टात येऊ शकते. या ‘केव्हाही’ शब्दाला मुदत नाही.

पेन उघडण्याआधी कागद गोळा करा

फॉर्म आठवणीवर भरायचा नाही. आपली आठवण आपल्याच बाजूने बोलते.

दहावीची सनद, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन समोर ठेवा आणि नावाचं स्पेलिंग जुळवून पाहा. आपल्याकडे हा घोळ फार. ज्ञानेश्वर हे नाव दहावीच्या सनदेवर डी-एन-वाय ने सुरू होतं आणि आधारवर जी-वाय ने. लग्नानंतर मुलींचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. फॉर्म विचारतो, नावात कधी काही जोडलं, गाळलं किंवा बदललं आहे का, दुसऱ्या नावाने ओळखलं जातं का. तिथे ‘लागू नाही’ ठोकू नका. लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहा. राजपत्रात नावबदल छापून आला असेल तर ती प्रत जोडा. गावात सगळे ‘पिंट्या’ म्हणतात ते लिहायची गरज नाही, पण पोलीस ठाण्याच्या कागदात ‘उर्फ पिंट्या’ असं आलेलं असेल तर मात्र लिहा.

मग राहण्याचे पत्ते. मागच्या पाच वर्षांत सलग एक वर्षापेक्षा जास्त जिथे राहिलात ती सगळी ठिकाणं मागतात. इथे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर काढलेली तीन वर्षं पोरं हमखास विसरतात. करार नव्हता, भाडं रोख दिलं, मग पत्ता कसला, असं त्यांना वाटतं. करार होता का, हे फॉर्म विचारतच नाही. कुठे राहत होतात, एवढंच विचारतो. मालकाचं नाव, इमारत, पेठ, हद्दीतलं पोलीस ठाणं आणि महिना-वर्ष धरून कालावधी लिहा. मालकाला फोन करून सांगूनही ठेवा. नाहीतर पोलीस दारात गेले की तो बिचारा घाबरून “असं कोणी इथे नव्हतं” म्हणून मोकळा होतो आणि अहवालात ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा पडतो.

नोकऱ्यांचंही तसंच. मधे आठ महिने खासगी कंपनीत काढले आणि न सांगता सोडून आलात, तरी लिहा. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख पडलेली असते. आपल्या यूएएनने, म्हणजे त्या निधीच्या सदस्य क्रमांकाने, आत जाऊन ती बघून घ्या आणि तीच लिहा. सोडण्याचं कारण सरळ द्या: ‘स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी’. यात लपवण्यासारखं काही नाही. आधीची सरकारी नोकरी किंवा प्रशिक्षण अर्धवट सोडलं असेल किंवा तिथून काढलं असेल, तर त्याचा वेगळा प्रश्न असतो, तो चुकवू नका.

आता तो बारावा रकाना

क्रमांक इकडेतिकडे होईल, पण प्रश्न तेच. तुम्हाला कधी अटक झाली का? तुमच्यावर खटला चालला का? स्थानबद्ध केलं होतं का? बंधपत्र घेतलं का? कोर्टाने दंड केला का? शिक्षा झाली का? परीक्षेला बसण्यास मनाई झाली का, विद्यापीठाने काढून टाकलं का? लोकसेवा आयोगाने किंवा कर्मचारी निवड आयोगाने अपात्र ठरवलं का? आज एखादं प्रकरण प्रलंबित आहे का?

ही सगळी वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. ‘कधी’ म्हणजे जन्मापासून आजपर्यंत. शेवटी काय निकाल लागला, हे या प्रश्नांत येतच नाही. निर्दोष सुटलेल्या माणसावर खटला चालला होता का? चालला होता. मग त्या ओळीपुढे ‘होय’, शिक्षेच्या ओळीपुढे ‘नाही’. मामाची चूक नेमकी इथे होते.

रोजच्या व्यवहारातले काही प्रकार बघू.

भावकीत बांधावरून भांडण झालं, शिवीगाळ, ढकलाढकली. ठाण्यात गेल्यावर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली. नुसत्या एनसीत अटक नाही, खटला नाही. त्यामुळे वरच्या प्रश्नांना ती सहसा लागू होत नाही. ‘तुमच्याविरुद्ध पोलिसांत कोणतीही तक्रार आहे का’ असा प्रश्न काही फॉर्ममध्ये वेगळा असतो, तिथे मात्र ती लिहायची. पण आपल्याकडे एनसी झाली की पुष्कळदा ठाण्याकडून दोन्ही पार्ट्यांवर चॅप्टर होते आणि पोरं ते विसरतात.

चॅप्टर हा शब्द आला तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणावरून. शांतता भंग होऊ नये म्हणून तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकारी बंधपत्र घेतात. आयुक्तालय असेल तिथे हे काम सहायक पोलीस आयुक्तांकडे असतं. कलम १०७ आणि अटक केली असेल तर १५१, ही जोडी सगळ्यांना पाठ. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे हीच कलमं १२६ आणि १७० झाली, आणि हा विषय आठव्यातून नवव्या प्रकरणात गेला. ठाण्यात अजून चॅप्टरच म्हणतात. फॉर्ममधलं ‘बाउंड डाउन’ ते हेच. तेव्हा “ती थोडीच केस असते” हे गावात चालतं, फॉर्मवर नाही.

रास्ता रोको, बंद, विसर्जन मिरवणुकीतला डीजे, लॉकडाऊनमधलं १८८ (सरकारी आदेश मोडल्याचं भा.दं.वि.चं कलम): गुन्हा दाखल झाला आणि दोषारोपपत्र कोर्टात गेलं तर खटला झालाच. पुढे सरकारने तो मागे घेतला तरी ‘चालला होता’ हे बदलत नाही. कोर्टात गुन्हा कबूल करून पाचशे रुपये भरून आलात तर तो कोर्टाचा दंड आणि दोषसिद्धी, दोन्ही. “कबूल कर आणि मोकळा हो” असा सल्ला कोर्टाच्या पायरीवर फुकट मिळतो. वाहतूक पोलिसांचं ई-चलान तुम्ही परस्पर भरलंत, तर तो कोर्टाने केलेला दंड होत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण मात्र कोर्टात जातं, आणि तिथे झालेला दंड लिहावा लागतो.

परीक्षेत कॉपी सापडून निकाल रद्द झाला, पुढच्या दोन परीक्षांना बसू दिलं नाही? तीही एक ओळ आहे. तिथे पोलिसांचा संबंध नसतो म्हणून ती लक्षातच राहत नाही.

वय अठराच्या आत असताना काही घडलं असेल, तर थांबा आणि वकिलाला विचारा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणाची अपात्रता पुढे चिकटत नाही. सोळा वर्षांपुढच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवलं असेल तर गोष्ट वेगळी. हा एकच भाग असा आहे, जिथे मी स्वतः कुणाला उत्तर सांगत नाही.

आपलं आपल्याला कसं कळणार?

गंमत अशी की अर्ध्या लोकांना आपल्यावर नेमकं काय झालं होतं हेच ठाऊक नसतं. वडिलांनी वकील दिला, सह्या केल्या, तारखा झाल्या, सुटलो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, कोर्ट आणि वर्ष टाकून स्वतःच्या नावाने शोधा, नावाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघा. गुन्हा नोंद असेल तर ठाण्यातून एफआयआरची प्रत घ्या. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत काढा. चॅप्टर असेल तर तहसील कार्यालयात नक्कल अर्ज द्या. तिथले जुने गठ्ठे शोधायला वेळ लागतो, म्हणून निवड यादी लागली त्याच आठवड्यात कामाला लागा, फॉर्म येण्याची वाट बघू नका.

‘होय’ लिहायचं तेव्हा पुढची माहिती पूर्ण द्या. जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडा आणि फॉर्मवर ‘सोबतचे परिशिष्ट पाहावे’ लिहा. मी साधारण असं लिहायला सांगतो:

‘होय. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) व वर्ष, पोलीस ठाणे, कलमे ३२४, ५०४, ५०६ भा.दं.वि.; अटक दिनांक व जामीन दिनांक; न्यायालयाचे नाव व खटला क्रमांक; निकाल दिनांक, निर्दोष मुक्तता. निकालाची प्रमाणित प्रत जोडली आहे.’

बस. “मला राजकारणातून गोवलं”, “समोरची पार्टी गुंड आहे” असलं काही नको. निबंध वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो. तडजोडीने सुटला असाल तर ‘तडजोडीने’ म्हणा. ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ असं आपल्या मनाने सजवू नका, निकालाची प्रत जोडलेलीच असते.

नेट कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घेत असाल तर शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचा. त्याच्याकडे आधीच्या पोराची फाईल उघडी असते आणि ‘नो’ तसेच राहून जातात. सही तुमची असते.

कोर्टं काय म्हणतात

केंद्रीय विद्यालयातल्या शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकाचं प्रकरण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघालं. त्याने प्रलंबित खटला लिहिला नव्हता. म्हणणं असं, की मी हिंदी माध्यमात शिकलो, इंग्रजी रकाने कळले नाहीत. बी.ए., बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाचं हे म्हणणं कोर्टाने ऐकलं नाही. तो खटला नंतर सरकारने मागे घेतला होता, त्याचाही उपयोग झाला नाही. उलट २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराला तरुण वयातली चूक म्हणून त्याच न्यायालयाने सवलत दिली. असे दोन्हीकडचे निकाल साठल्यावर २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सगळं एकत्र बांधलं.

त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. माहिती खरीच हवी. किरकोळ प्रकरण असेल, कोवळ्या वयात घोषणा दिल्याचं वगैरे, तर ते दडवल्याकडेही कार्यालय दुर्लक्ष करू शकतं. करेलच असं नाही. प्रश्न नेमका विचारलेला हवा, मोघम प्रश्नावरून माहिती दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. आणि उमेदवाराला त्या गोष्टीची माहितीच नव्हती, तर दडवली असं म्हणता येणार नाही.

पाचवी गोष्ट कडू आहे आणि क्लासवाले ती सांगत नाहीत. सगळं खरं लिहिलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं बंधन कार्यालयावर नाही. पद कोणतं, गुन्हा कसला, सुटका कशी झाली, हे पाहून ते नकार देऊ शकतात. गणवेशाच्या नोकरीत जास्तच कडक पाहतात. म्हणून गंभीर प्रकरण असेल तर ‘खरं लिही, सगळं ठीक होईल’ असं मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगतो, की खरं लिहून नकार आला तर भांडायला जागा राहते आणि दुसरीकडे अर्ज करायलाही तोंड राहतं. २०२१ मध्ये राजस्थानच्या वीज पारेषण कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत न्यायालयाने हेच म्हटलं: गुन्हा किरकोळ होता की नव्हता, हा मुद्दाच नाही. सुरुवातीलाच खोटं सांगणाऱ्यावर मालकाने पुढे विश्वास कसा ठेवायचा, हा आहे. त्याला कोर्टाने शिक्षेऐवजी परिवीक्षेवर सोडलं होतं, म्हणजे ‘सुटलोच की’ वाटण्यासारखं; पण दोषसिद्धी झालेलीच होती.

फॉर्म दिल्यानंतर

पूर्ण फॉर्मची झेरॉक्स काढून घरी ठेवा. पुढे दुसरी नोकरी लागली तर हाच फॉर्म पुन्हा भरायचा आहे आणि दोन फॉर्मांत दोन उत्तरं नकोत.

ज्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं दिलीत त्यांना आधी कल्पना द्या. सरपंच म्हणून सरपंचाचं नाव टाकायचं आणि तो तुम्हाला ओळखतच नाही, असं नको.

चूक झालीच असेल, नंतर एखादं प्रकरण आठवलं किंवा नक्कल उशिरा हातात आली, तर पोलीस अहवाल यायच्या आत नियुक्ती अधिकाऱ्याला लेखी कळवा. हातोहात देऊन आवक क्रमांक घ्या, नाहीतर स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. फोनवर सांगितलेलं कुठेच नोंदलेलं नसतं.

गोपनीयचे साहेब आले की कुणीतरी चहापाण्याची भाषा करतं. त्या नादाला लागू नका. पैसे देणं हा स्वतःच एक गुन्हा. शिवाय ठाण्यातल्या एका माणसाने शेरा गोड लिहिला तरी गुन्ह्याची नोंद पोलिसांच्या संगणक प्रणालीत आणि कोर्टाच्या दप्तरात असतेच. दहा वर्षांनी एखाद्या नाराज भाऊबंदाचा अर्ज आला की ती वर येते.

त्या मुलाचं काय झालं

मी त्याला तहसीलमध्ये पिटाळलं. आठवड्यात तीन खेपा झाल्या, मग नक्कल मिळाली. त्याला आणि मलाही वाटत होतं की बंधपत्र झालंय, तेवढं ‘होय’ लिहून मोकळं व्हायचं. रोजनामा, म्हणजे प्रकरणात तारीखवार काय झालं त्याची नोंद, वाचला तर वेगळंच. कारणे दाखवा नोटीस निघाली होती, पण अंतरिम बंधपत्रही घेतलेलं नव्हतं. सहा महिन्यांत चौकशी पूर्ण न झाल्याने कारवाई आपोआप संपली होती. म्हणजे ‘बाउंड डाउन’पुढचं त्याचं ‘नो’ बरोबर होतं. पण पहिल्याच ओळीत लिहिलेलं, ‘१५१(१) अन्वये अटक करून हजर केले’. एक रात्र ठाण्यात बसवलं होतं, ती त्याच्या लेखी अटकच नव्हती.

“बसवलं होतं काका, बेड्या कुठे घातल्या होत्या?”

मी त्याला नवा कोरा फॉर्म काढायला लावला. अटकेपुढे ‘होय’, तारीख, ठाणं, कलम, कारवाई संपल्याची नोंद, सोबत नक्कल. बंधपत्रापुढे ‘नाही’. बाकीच्या ओळी त्याने एकेक वाचून भरल्या, त्याला चाळीस मिनिटं लागली. फॉर्म गेल्या सोमवारी स्पीड पोस्टाने गेला. पावती त्याच्या आईने देवघरात ठेवली आहे.